चित्रातला घोडा आणि पडद्यावरचा कॉम्प्रेसर

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की न्यायशास्त्र आणि कांट शिकवत आलेल्या माणसांनी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवर बोलायचं कारण काय? कारण सोपं आहे. नक्कल म्हणजे काय, ती कशाची असते आणि तिचं मोल कशावरून ठरवायचं, हा आमच्या शास्त्रातला फार जुना वाद. ग्रंथालयात तो धूळ खात पडलाय. पण घरच्या घरी गाणी मिक्स करणाऱ्या मुलामुलींच्या लॅपटॉपवर तो रोज रात्री चालू असतो, फक्त तो वाद आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा आज आपण तो तिथेच जाऊन बघू.

आपल्यापैकी काही जण मिक्सिंग करतात, काहींनी कॉम्प्रेसर हा शब्द फक्त फ्रीजच्या संदर्भात ऐकलाय. (हशा) त्या दुसऱ्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गाताना आवाज कधी मोठा होतो, कधी लहान. मोठा झालेला आवाज दाबणं हे कॉम्प्रेसरचं काम. एक उंबरठा ठरवायचा, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज त्याच्या वर गेला की किती दाबायचं ते गुणोत्तर ठरवतं. गुणोत्तर ४:१ असेल आणि आवाज उंबरठ्याच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो २ डेसिबलच वर असतो. किती चटकन दाबायचं तो अटॅक, आणि दाब किती वेळात सोडायचा तो रिलीज. दाबल्यामुळे एकूण पातळी उतरते, म्हणून शेवटी सगळंच थोडं वर उचलतात. हे शेवटचं उचलणं लक्षात ठेवा, त्याच्याशी आपलं पुढे काम आहे.

आता संगणकावर हे करायला साधं गणित पुरतं. तरीही आज जे कॉम्प्रेसर प्लगइन सर्वांत जास्त मिरवले जातात ते कोऱ्या गणिताचे नाहीत. ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लोखंडी पेट्यांच्या नकला आहेत. पडद्यावर ती पेटी जशीच्या तशी काढलेली. कुठे रंगाचे पोपडे, कोपऱ्यात स्क्रू, मागून उजळलेल्या तबकडीवर डुलणारा काटा. आणि दावा एकच, की हे मूळ यंत्रासारखं वाजतं. आमची आजची तक्रार प्लगइनबद्दल नाही, या दाव्याबद्दल आहे. खरं म्हणजे दाव्याबद्दलही नाही. तो दावा आपण कसोटी म्हणून स्वीकारला, त्याबद्दल आहे.

आधी मूळ यंत्रं पाहू, कारण त्यांच्याशिवाय हा गोंधळ कळायचा नाही. फेअरचाइल्ड ६७० घ्या. एस्टोनियात जन्मलेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेले अभियंते राइन नार्मा यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस याची रचना केली. आत वीस व्हॉल्व्ह, वजन तीस किलोच्या आसपास. हे यंत्र कशासाठी केलं? गाणं सुंदर करण्यासाठी नव्हे. ग्रामोफोनची तबकडी कापताना आवाज एकदम उसळला तर कापणारी सुई इतकी हलते की एक खाच शेजारच्या खाचेत घुसते. ते होऊ नये म्हणून हा राखणदार. रेडिओ केंद्रांवरही तेच, प्रक्षेपकावर जास्त ताण येऊ नये म्हणून पहारा. राखणदाराने आवाजात स्वतःचा काही रंग मिसळावा अशी कुणाची इच्छा नव्हती. रंग मिसळत होता, कारण व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर पूर्ण सरळ वागत नाहीत. पण तो दोष म्हणून गणला जायचा आणि तो कमीत कमी राहावा यासाठी अभियंते झटायचे.

मग १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्यासाठी रिंगो स्टारचे ड्रम्स फेअरचाइल्ड ६६० मधून मुद्दाम सणसणीत दाबले गेले. ड्रम्स जणू श्वास घेऊ लागले. राखणदार आता कलाकार झाला होता. दोषाचा गुण झाला. आणि पुढे काही दशकांनी त्या गुणाची नक्कल विकाऊ झाली. हा प्रवास विसरला की पुढचं सगळं चुकतं.

दुसरं यंत्र टेलेट्रॉनिक्सचं एलए-२ए, जिम लॉरेन्स यांचं, १९६० च्या दशकातलं. आम्हांला या पेटीचं विशेष प्रेम आहे, कारण तिच्यात एक सुंदर कल्पना आहे. आत येणारा आवाज एका चकाकणाऱ्या पट्टीला प्रकाशित करतो. समोर प्रकाशाने रोध बदलणारा एक घटक बसवलेला. आवाज मोठा, प्रकाश जास्त, रोध कमी, आणि त्याच प्रमाणात आवाज दाबला जातो. म्हणजे आवाज स्वतःच्याच उजेडाने स्वतःला आवरतो! आणि तो प्रकाशसंवेदी घटक लगेच पूर्ववत होत नाही. अर्धा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला सुटायला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि हा वेळ आधी किती उजेड किती काळ होता त्यावर अवलंबून असतो. यंत्राला स्मृती आहे म्हणा ना. बाहेर मुख्य नॉब फक्त दोन, किती दाबायचं आणि किती उचलायचं. अटॅक-रिलीजची चिंता माणसाने करायचीच नाही.

तिसरं ११७६. बिल पटनम यांनी १९६७ साली आणलं, व्हॉल्व्हऐवजी फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर वापरून. याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातले वीस! गंमत म्हणजे याचा नॉब उजवीकडे फिरवला की अटॅक जलद होतो, आकडा वाढतो तसा वेळ कमी. पहिल्यांदा हाताळणारा हमखास उलटं करतो. प्लगइनमध्येही ही उलटी दिशा भक्तिभावाने जपलेली आहे.

आता आमच्या शास्त्राकडे येऊ. प्लगइन ११७६ ची नक्कल आहे असं म्हटलं की पहिला प्रश्न: कोणत्या ११७६ ची? नैयायिक विचारतील, तुम्ही जातीबद्दल बोलताय की व्यक्तीबद्दल? ११७६ च्या अनेक आवृत्त्या निघाल्या, सुरुवातीच्या निळ्या पट्टीच्या, नंतर कमी खरखरीच्या काळ्या. एलए-२ए मधला तो प्रकाशाचा घटक तर वयानुसार बदलतो. एकाच वर्षीच्या दोन पेट्या आज शेजारी ठेवल्या तर सारख्या वागतीलच असं नाही. त्यामुळे नक्कल करणारे एखादा चांगला नग निवडतात आणि त्याचं मोजमाप घेतात. म्हणजे जी नक्कल विकली जाते ती ‘एलए-२ए’ची नसते. ती एका विशिष्ट पेटीची, तिच्या एका विशिष्ट वयाची, मोजमाप झालं त्या दिवसाची असते. आणि विकली जाते जातीच्या नावाने. व्यक्ती दाखवायची आणि जाती म्हणून खपवायची, याला तर्कशास्त्रात चांगलं नाव नाही.

बरं, तेही सोडून देऊ. समजा नक्कल अगदी बिनचूक आहे. तरी एक अडचण उरते, आणि ती हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये मांडली गेली आहे.

भरताच्या रससूत्रावर शंकुक नावाचा एक टीकाकार होऊन गेला. त्याचं म्हणणं, नट रामाच्या भावाचं अनुकरण करतो आणि त्या अनुकरणातून रस येतो. मग प्रेक्षकाला समोर जे दिसतं ते कोणत्या प्रकारचं ज्ञान? हा खरा राम आहे असं नाही, हा राम नाही असंही नाही, आहे की नाही असा संशय नाही, आणि रामासारखा आहे असंही नाही. चित्रातला घोडा बघताना आपण ‘हा घोडा’ म्हणतो ना, तसं. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. प्लगइनच्या पडद्यावरचा काटा बघताना ‘हा फेअरचाइल्ड’ असं म्हणणारा मुलगा अगदी याच अवस्थेत असतो. त्याला ती तीस किलोची पेटी वाटत नाही, आणि हा भास आहे असंही त्याच्या मनात येत नाही.

शंकुकाचं हे मत अभिनवगुप्ताने आपल्या टीकेत नोंदवलं, आणि आपले गुरू भट्टतौत यांनी केलेलं त्याचं खंडनही दिलं. तौतांचा मुद्दा साधा आणि मारक. अमुक हे तमुकाचं अनुकरण आहे असं म्हणायचं तर ते तमुक आधी कुठल्या तरी प्रमाणाने माहीत असायला हवं. रामाची रती कुणी पाहिली होती? प्रेक्षकाने नाही, नटानेही नाही. मग हे तिचं अनुकरण आहे हे कळलं कुणाला?

आता हा प्रश्न आपल्या विषयाला लावा. ज्या हजारो लोकांनी फेअरचाइल्डची नक्कल विकत घेतली, त्यांच्यातल्या कितींनी मूळ यंत्र ऐकलंय? जुना ६७० बाजारात आला तर तीस हजार डॉलरच्या वर जातो. बहुतेकांनी तो छायाचित्रात पाहिलेला. त्याचा आवाज म्हणून जे ऐकलं ते एका तयार गाण्यात, ज्यात गायक, मायक्रोफोन, खोली, टेप आणि आणखी दहा गोष्टी मिसळलेल्या होत्या. तेव्हा ‘हुबेहूब आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी प्रत्यक्षाचं नाही. ते ऐकीव आहे. आणि श्रोता? त्याच्यापर्यंत तर कॉम्प्रेसरचं नावही पोचत नाही. त्याच्यापर्यंत फक्त गाणं पोचतं. ज्या सादृश्याची पारख ना करणारा करू शकतो ना ऐकणारा, ते सादृश्य मिक्सिंगची कसोटी कसं होईल?

इथे पश्चिमेकडचा एक समर्थ आक्षेप घ्यायला हवा. नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या पुस्तकात विचारलं, की अस्सल चित्र आणि हुबेहूब बनावट चित्र यांत आज मला काहीच फरक दिसत नसेल, तर त्यांच्यात सौंदर्याचा फरक नाही असं म्हणायचं का? त्यांचं उत्तर, नाही. एक बनावट आहे हे कळल्यामुळेच मी फरक शोधायला शिकतो, आणि उद्या कदाचित तो मला दिसेल. म्हणजे न जाणवणाऱ्या फरकाची माहितीही नजर घडवते. आम्हांला हा युक्तिवाद पटतो. ज्याने दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून वर्षानुवर्षं काम केलंय त्याचे कान या फरकावर घडलेले असतात, आणि त्याच्या बोलण्याला वजन आहे. पण गुडमन चित्राबद्दल बोलत होते. चित्र ही कृती आहे. कॉम्प्रेसर ही कृती नाही, कुंचला आहे. कुंचला नकली केसांचा असला म्हणून चित्र बनावट होत नाही. ‘अस्सल’ हा शब्द कृतीवरून उचलून हत्यारावर डकवला गेलाय, आणि बाजाराला तेच हवं होतं.

आता त्या डकवण्याचे पुरावे पाहू, कारण इथे मजा आहे.

पडद्यावरचा तो काटा. जुन्या व्हीयू मीटरचा काटा ठरलेल्या संथपणाने चालायचा, पूर्ण चढायला ३०० मिलिसेकंद. पेटीत ते यांत्रिक बंधन होतं. संगणकाच्या पडद्यावर असं कुठलंच बंधन नाही, तरी काटा तितकाच संथ. ११७६ ची पकड २० मायक्रोसेकंदांत बसते आणि काटा तिच्या हजारो पट मागे. म्हणजे जे घडतंय ते दाखवायला साधन असताना, जे दिसायचं ते दाखवलं जातं. साधा आलेख जास्त खरं सांगेल. पण आलेखाला आठवणींचा वास येत नाही.

आणि आमचा सर्वांत आवडता नमुना. वेव्हज कंपनीच्या सीएलए-२ए आणि सीएलए-७६ या प्लगइनवर ‘ॲनालॉग’ नावाची एक कळ आहे. तिच्यात तीन पर्याय: ५० हर्ट्झ, ६० हर्ट्झ आणि बंद. हे काय आहे? जुन्या पेट्या विजेवर चालायच्या, त्यामुळे आवाजात खरखर आणि विजेची बारीक गुणगुण शिरायची. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे आणि युरोपात ५०. तर या कळीने तुम्ही कोणत्या देशाची गुणगुण मिसळायची ते निवडू शकता! (हशा) हसू नका, यात कंपनीची काही चूक नाही. ‘मूळ यंत्रासारखं’ हीच कसोटी मानली तर गुणगुणही आली पाहिजे. कसोटीच तिथे घेऊन जाते. आणि बंद करण्याचा पर्याय त्यांनीच दिला आहे, म्हणजे गुणगुणीविना काम भागतं हे तेही जाणतात. ज्या अभियंत्यांनी ती घालवण्यासाठी उमर खर्च केली ते हे पाहून काय म्हणाले असते कोण जाणे.

बरं, मग नकलांमध्ये चांगलंवाईट नसतंच का? असतं की. पण ते साम्याहून वेगळ्या ठिकाणी असतं. एक उदाहरण देतो, थोडं गणित आहे, सोसा. नकली यंत्र मूळ यंत्राचा रंग आणायचा म्हणून आवाजात नवे स्वरांश निर्माण करतं, मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट. आता संगणकातला आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन साठवलेला असेल, तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं काहीच त्यात मावत नाही. जे मावत नाही ते नाहीसं होत नाही, ते आरशात पडल्यासारखं खाली परततं. झांजेतला १५,००० हर्ट्झचा एक अंश घ्या. त्याची तिप्पट ४५,०००. ती परतून येते ९०० हर्ट्झवर! म्हणजे ऐन गळ्याच्या पट्ट्यात, आणि मूळ स्वराशी कुठलंही नातं नसलेली. हे टाळायचं तर आतलं गणित जास्त नमुने घेऊन करावं लागतं; चांगले प्लगइन करतात, आळशी करत नाहीत. मूळ पेटीत हा प्रकारच नव्हता. म्हणजे नकलेचा खरा दोष तिच्या स्वतःच्या माध्यमात असतो, आणि रंगाचे पोपडे कितीही हुबेहूब काढले तरी तो झाकला जात नाही.

तसंच पातळीचं. बऱ्याच नकला अशा जुळवलेल्या असतात की संगणकाच्या कमाल मर्यादेच्या १८ डेसिबल खाली म्हणजे जुन्या यंत्राची ‘शून्य’ पातळी. घरी मुद्रण करणारा आवाज वरपर्यंत भरून ठेवतो, तो तसाच आत सोडतो, आणि मग यंत्र कर्कश आहे म्हणतो. यंत्राला त्याने जिथे उभं केलं तिथे मूळ पेटीसुद्धा ओरडलीच असती.

यातूनच प्रीसेटचा विषय निघतो. नामांकित अभियंत्यांच्या नावाने तयार मांडण्या मिळतात, ‘स्त्रीकंठ’, ‘पुरुषकंठ’, एक क्लिक की झालं. आमच्याकडे शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे, त्यामुळे मोठ्यांचं ऐकू नये असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण शब्द प्रमाण कुणाचा? आप्ताचा. आणि वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याने त्या वस्तूचा साक्षात्कार केलाय आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो. आता लॉस एंजेलिसमधला अभियंता कितीही थोर असो, त्याने तुमच्या सांगलीच्या गायिकेचा आवाज ऐकलेला नाही. उंबरठ्याचा आकडा तर तिचा आवाज कोणत्या पातळीवर मुद्रित झाला यावरच ठरतो; तो पातळी न ऐकता सांगणं म्हणजे रुग्ण न पाहता औषध देणं. तिच्या बाबतीत तो आप्त नाही. कॉम्प्रेशन म्हणजे काय यावर त्याचा शब्द प्रमाण, या गळ्यावर नाही.

आणि किंमत चुकते ती त्या गळ्याची. भावगीताची ओळ संपताना आवाज हलके हलके विरतो. ती विरण्याची क्रिया हेच गाणं असतं. कॉम्प्रेसरने वरचे चढ दहा डेसिबल दाबले आणि मग सगळं दहा डेसिबल उचललं, तर विरणारा शेवट आता विरत नाही, तो समोर येऊन उभा राहतो. सोबत श्वास येतो, आणि मागे फिरणारा पंखाही दहा डेसिबल वर येतो. तंबोऱ्याचं बघा. संपूर्ण मिक्सवर एकच कॉम्प्रेसर लावला की डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याबरोबर तो दाबतो, कारण खालच्या पट्टीत शक्ती जास्त. मग घुमाऱ्याबरोबर तंबोरा बुडतो आणि पुन्हा वर येतो, बुडतो, वर येतो. ड्रम्सच्या बाबतीत ज्याला श्वास म्हणून गौरवलं, तेच तंबोऱ्याला दम लागल्यासारखं होतं. तंबोऱ्याचं काम अखंड राहणं. कुणी म्हणेल, हा ‘व्हिंटेज’ परिणाम आहे. असेल. पण रागसंगीताला तो परिणाम हवा होता का, हे विचारलं कुणी? ‘मूळ यंत्रासारखं’ या कसोटीत हा प्रश्न बसतच नाही.

यावर उपाय आहे, आणि तो प्लगइननेच दिलाय. अनेक नकलांत आता अशी सोय असते की यंत्राने खालच्या पट्टीकडे कानाडोळा करावा, डग्ग्याने त्याला चाळवू नये. दुसरी सोय, दाबलेला आणि न दाबलेला आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळण्याची. जुन्या पेटीवर यातला एकही नॉब नव्हता. गंमत बघा, नकलांमध्ये जे सर्वांत उपयोगी ते नेमकं नकलेबाहेरचं आहे.

आता नकलेच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर आम्ही म्हाताऱ्यांचं रडगाणं गातोय असं वाटेल. एलए-२ए चे ते दोन नॉब. पन्नास नॉब समोर असलेला माणूस नॉब ऐकतो; दोनच असले की आवाज ऐकतो. ही मर्यादा नकलेतून आपल्याला मिळते, आणि ती खरी देणगी आहे. त्या प्रकाशाच्या घटकाची स्मृतीही तशीच. लांब टिपेनंतर दाब सावकाश सुटावा, छोट्या उसळीनंतर चटकन सुटावा, हे वागणं मानवी आवाजाला मानवतं, म्हणून ते गणितात उतरवणं योग्यच. पण ते ‘एलए-२ए सारखं आहे’ म्हणून योग्य नाही, गळ्याला मानवतं म्हणून योग्य आहे. कारण कोणतं आहे हे महत्त्वाचं, कारण त्यावरूनच ते कुठे मानवणार नाही हे कळतं.

आणि एक गोष्ट नकलेत येतच नाही असं आमचं मत आहे. ११७६ वर गुणोत्तराची चार बटणं: ४, ८, १२, २०. एकावेळी एक दाबायचं, असा हेतू. कुणीतरी चारही एकदम दाबली. आत सगळे हिशेब विस्कटले आणि असा काही धसमुसळा आवाज आला की लोक त्याच्या प्रेमात पडले. आज बहुतेक नकलांत ही सोय आहे, कुठे शिफ्ट कळ धरून क्लिक करायचं, कुठे ‘ऑल’ असं वेगळं बटणच. म्हणजे गैरवापराची रीतसर व्यवस्था! पेटीला देह होता, त्यामुळे करणाऱ्याने न योजलेलं काहीतरी तिच्याकडून घडू शकलं. नकलेत जुना गैरवापर मिळतो, नवा त्या चित्रात मिळत नाही. नवा हवा असेल तर चित्र सोडून संगणकाच्या स्वतःच्या अंगाने जावं लागेल: उंबरठा शब्दागणिक बदलता येतो, दहा कॉम्प्रेसर दहा अक्षरांवर लावता येतात. पेटीच्या काळात हे स्वप्नातही नव्हतं. तिकडे फार कमी लोक बघतात, कारण सगळ्यांचं लक्ष पोपड्यांवर.

शेवटचा एक मुद्दा, मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला. उचलणं. माणसाच्या कानाला तोच आवाज थोडा मोठा केला की जास्त चांगला वाटतो. त्यातही खर्ज आणि वरची चकाकी भरून आल्यासारखी वाटते. कानाची ही खोड फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवली. तेव्हा प्लगइन लावला, त्याने आवाज दीड डेसिबल उचलला, आणि आपण म्हणालो, वा, काय ऊब आली! ती ऊब १९६७ ची नसते, ती दीड डेसिबलची असते. आमचं म्हणणं एवढंच, की आधी आणि नंतरची पातळी सारखी करा आणि मग ऐका. आणि चित्र झाका. रीपर किंवा लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनचं चित्र बंद करून नुसत्या साध्या पट्ट्या दाखवण्याची सोय आहे. घोडा काढून टाका, मग काय उरतं ते कानांना विचारा. उरलं तर जरूर वापरा.

एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न विचारला आहे, की ११७६ आधी लावावा की एलए-२ए आधी. प्रचलित रीत अशी, की जलद यंत्राने अचानक येणारे टोकदार चढ पकडायचे आणि मग संथ यंत्राने उरलेलं समतल करायचं. याला कारण आहे: चढ आधीच कापले गेले की संथ यंत्राला दचकावं लागत नाही. पण गायिका मुळातच संयमाने गाणारी असेल, चढच नसतील, तर पहिल्या यंत्राला काम काय? रीत पाळायची म्हणून दोन लावू नका.

दुसरा प्रश्न, पैसे कमी आहेत, एकच विकत घ्यायचा तर कोणता? एकही नको. रीपरसोबत रीकॉम्प येतो, त्यात चित्र नाही आणि हे सगळं शिकता येतं. लॉजिकच्या कॉम्प्रेसरमध्ये तर ‘व्हिंटेज ऑप्टो’, ‘व्हिंटेज फेट’ अशी जुन्या धाटणीची रूपं आधीच दिलेली आहेत. वाचलेल्या पैशांतून खिडकीला जाड पडदा घ्या, आणि मुद्रण चालू असताना पंखा बंद ठेवा. गाणाऱ्याला घाम येईल, टॉवेल द्या.